अक्काच्या हातातला ट्रान्सीव्हर

नाशिकहून पेठला जाणाऱ्या वाटेवरच्या घाटातली आश्विनातली सकाळ. ओल्या गवताचा उग्रगोड गंध, दरीतून सावकाश वर सरकणारं धुकं, आणि त्या प्रसन्न शांततेत मध्येच उमटणारी एक खरखर; तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तशी! ती खरखर होती माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, हातातल्या यंत्राची.

त्या यंत्राचं खरं नाव ट्रान्सीव्हर. परिभाषेचे पंडित त्याला ‘प्रेषग्राही’ म्हणत असतील. बाकी जग ‘वॉकीटॉकी’ म्हणून मोकळं होतं. रेडिओलहरी धाडणारा ट्रान्समीटर आणि त्या झेलणारा रिसीव्हर, दोघांचा एकाच डबीतला हा संसार. मात्र या संसाराला नियम कडक. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, आपलं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं. दोन्ही एकदम नाही! केवढा हा सुसंस्कृत शिष्टाचार! आमच्या घरात सगळे एकाच वेळी बोलतात आणि ऐकण्याचं काम शेजाऱ्यांवर सोपवलेलं असतं.

नाशिकच्या हौशी सायकलवाल्यांची ती फेरी होती. घाटात मोबाइलला रेंज नाही, म्हणून थांब्याथांब्यावर ट्रान्सीव्हर दिलेले. अक्काची लेक मुग्धा एका तुकडीची म्होरकी. तिच्या हँडललाही तसाच एक बांधलेला. नाशिकच्या द्वारका चौकात अपघात होऊन तिच्या गुडघ्यात धातूची पट्टी बसली, त्यानंतरची ही तिची पहिली मोठी फेरी. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, अक्कानं नाही. कित्येक दिवस मायलेकींत धड संवाद नव्हता. अक्का तोंड उघडायची, मुग्धा उठून जायची. तरीही त्या पहाटे अक्का पंचवटीतून केळ्यांची पाटी घेऊन निमूट माझ्या गाडीत येऊन बसली. राग एकीकडे आणि जीव एकीकडे, हे आईपण कुठल्या शास्त्रात बसवावं?

घाटमाथ्यावरचा थांबा आम्हा दोघांकडे होता. मुग्धा तिथून नुसता हात हलवून पुढे गेली आणि उताराच्या वळणाआड दिसेनाशी झाली. अक्कानं लगेच बटण दाबलं.

“मुग्धा, ब्रेक एकदम मारू नकोस. गुडघा दुखला तर उतर खाली. पाणी पी गं. ऐकतेस ना?”

उत्तर नाही. अक्कानं पुन्हा विचारलं, पुन्हा बजावलं. मी केळी वाटण्यात गर्क होतो. मागे वळून पाहिलं तर तिचा चेहरा पांढराफटक.

“अरे, पडली असेल रे ती,” ती म्हणाली. मी केळी तशीच टाकून गाडीची किल्ली शोधू लागलो.

तेवढ्यात खालच्या थांब्यावरचा स्वयंसेवक मोटारसायकल दामटत वर आला. पेठकडचाच हसरा गडी.

“अक्का, आधी बोट काढा! तुम्ही बटण सोडीतच नाय. सगळा घाट तुमचंच ऐकतोय. लय पाणी प्यायलो आम्ही!”

काय म्हणावं! उत्तराची वाट पाहतानाही अक्काचं बोट बटणावरच होतं. यंत्र बिचारं नियमानं वागत होतं: दाबलंय म्हणजे बाईंना बोलायचंय. जिवाचा कान करून बसलेल्या माणसालाच काही ऐकू येऊ नये! पण काळजीनं भरलेली माणसं अशीच तर वागतात. त्यांना वाटतं, आपण गप्प बसलो तर पलीकडचं माणूस हातचं जाईल. मला हसू येत होतं आणि अक्काची दयाही येत होती.

अक्कानं बोट काढलं. क्षणभर खरखर झाली, आणि मग धापा टाकणारा, पण हसरा आवाज आला.

“आई, घाट उतरले मी. गुडघा ठीक आहे. ब्रेक हळूच मारले. तुझं सगळं ऐकलं, अगदी शेवटपर्यंत. सायकल सोडून उठून जाणार कुठे? आणि खरं सांगू, त्या शेवटच्या वळणावर मला भीती वाटली होती गं. तुझा आवाज होता म्हणून बरं वाटलं. आता तू बोल. ओव्हर.”

वळणावळणावरचे सगळे थांबे ऐकत असणार, याचं भान अक्काला उरलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचलं नाही. तिनं यंत्र कानाशी घट्ट धरलं होतं, आणि बोट बटणापासून चांगलं लांब.

“बोल ना अक्का,” मी म्हटलं. “आता तुझी पाळी.”

तिनं मान हलवली.

“थांब रे. अजून काही म्हणेल ती.”