धावपट्टीवरचे सतरा दिवस

छापखान्यात त्यांना सगळे 'वेलांटी' म्हणत, तेही तोंडावर. छत्तीस वर्षं शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासली. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक आठवली, तर डबा अर्धा टाकून छपाई थांबवायला धावणारा माणूस. ते निवृत्त झाले तेव्हा साहेब भाषणात म्हणाले, "आता चुकांना मोकळं रान मिळालं."

वेलांटींना वेड होतं विमानांचं. लहानपणी ते आणि त्यांची ताई दोन खुर्च्या एकामागे एक मांडून लढाऊ विमान चालवत. पुढे ताई, कारण ती तीन वर्षांनी मोठी आणि खुर्च्याही तिनेच ओढून आणलेल्या. मागे बसून शत्रूवर नजर ठेवायचं काम धाकट्या भावाकडे. पुढे ताई नर्स झाली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली. अकरा वर्षांपूर्वी भावोजी वारले, आणि तेव्हापासून भावाबहिणीच्या बोलण्यात काहीतरी अडकलं. भांडण असं नव्हतं. महिन्यातून एकदा फोन व्हायचा. "गोळ्या घेतेस ना?" "घेते. तू?" "मीही." संपलं.

जुन्या पंख्याच्या लढाऊ विमानांचा एक नवा गेम येणार, असं वेलांटींनी वाचलं. दोन माणसांनी दोन गावांतल्या दोन घरांत बसून एकच विमान चालवायचं! चार वर्षं ते त्या गेमकडे डोळे लावून बसले. तारीख तीनदा पुढे गेली. तेवढ्यात ताई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि वॉकर घेऊन पलंगापासून खिडकीपर्यंत एवढंच तिचं जग उरलं.

त्यांनी धीर करून फोन लावला. "ताई, विमान चालवायचंय का?"

"कंबरेत खिळे ठोकलेत माझ्या, आणि तू विमानाचं विचारतोयस?" मग तिनेच विचारलं, "पुढे कोण बसणार?"

"तूच."

गेम आला. ताईकडे भाचीने सगळं जोडून दिलं, दोघांनी कानांना हेडफोन लावले, आणि दुपारी चारच्या ठोक्याला विमान धावपट्टीवर उभं राहिलं. म्हणजे चाकं जमिनीत घोट्याएवढी रुतलेली. ताईचा वैमानिक खुर्चीच्या वर वीतभर तरंगत होता आणि त्याला हेल्मेट होतं, पण तोंड नव्हतं. शेजारचं विमान आपण होऊन सुरू झालं आणि सरळ टेकडीत घुसलं.

"हे असंच असतं का रे?" ताईने विचारलं.

पडद्यावर ओळ आली: टॉवरची परवानगी येईपर्यंत थांबा. ते थांबले. पाच मिनिटं, वीस मिनिटं. परवानगी येईना. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चार वर्षांच्या वाट पाहण्यावर असं पाणी फिरलेलं बघून वेलांटी पार हिरमुसले.

"छपाईला जाण्याआधी कुणी एकदा तरी नजर घालायची की नाही?" ते बायकोवर उखडले, जणू गेम तिनेच केला होता.

"मग परत करा," बायको म्हणाली.

तेच सांगायला ते चौथ्या दिवशी चारला बसले. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत ताई बोलायला लागली. इंजिनाची घरघर चालू होती, समोर कुणाचं तोंड दिसत नव्हतं, हातांना काम नव्हतं. ताईने वॉर्डातल्या एका रागीट डॉक्टरची गोष्ट सांगितली. वेलांटींनी इतिहासाच्या पुस्तकात राजाचा 'रजा' होता होता कसा वाचवला ते सांगितलं. ताई खोकला येईपर्यंत हसली. परत करायचं राहून गेलं.

रोज चारला दोघं विमानात. उड्डाण नाही, लढाई नाही, नुसत्या गप्पा. एका दुपारी ताई बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "एक विचारू? हे गेले तेव्हा तू चार दिवस उशिरा का आलास?"

छापखान्यात घाईचं काम होतं, हे उत्तर अकरा वर्षं तयारच होतं. ते ओठांवर आलंही. पण वेलांटी म्हणाले, "काम नव्हतं, ताई. मी तीनदा बसस्टँडवर गेलो आणि परत आलो. तुला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. मला ते बघवलं नसतं. भित्रेपणा झाला माझा."

घरघर चालू राहिली.

"मी रडलेच नाही," ताई सावकाश म्हणाली. "तू आलास की रडू, म्हणून थांबले होते. आणि तू आलास तो घड्याळाकडे बघत."

वेलांटींनी चष्मा काढला. हेडफोनमधून ताईचा हुंदका ऐकू आला आणि या वेळी ते जागचे उठले नाहीत. ती रडत होती तितका वेळ ते बसून राहिले. शेवटी नाक ओढत तिने विचारलं, "पेट्रोल संपेल का रे आपलं?"

"नाही. काटाही अडकलाय."

अठराव्या दिवशी दुरुस्ती आली. चाकं वर आली, वैमानिकाला तोंड मिळालं, टॉवरने परवानगी दिली. दोघं उडाले आणि दुसऱ्याच मिनिटाला ताईने विमान आपल्याच हँगरच्या छपरावर घातलं. "तू मागे काय झोपला होतास?" ती ओरडली.

वेलांटींनी गेम करणाऱ्यांना सविस्तर पत्र लिहिलं. त्रेचाळीस चुका, ओळीने, नेमक्या कुठे आणि कधी दिसतात त्यासकट. खाली लिहिलं, 'टॉवर सतरा दिवस बंद ठेवल्याबद्दल मनापासून आभार.'

बायकोने खांद्यावरून वाचलं. "आभार? अहो, विचका केलाय त्यांनी."

"हो ना," ते म्हणाले आणि पत्र पाठवून दिलं. उत्तर आलं नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही.

पुढच्या महिन्यात ते आठ दिवस ताईकडे राहायला गेले. समोरासमोर दोघांना अवघडल्यासारखं झालं. चहा झाला, हवेबद्दल बोलून झालं, भाचीची चौकशी झाली. मग ताईने मटारच्या शेंगांची परडी पुढे ओढली, अर्ध्या त्यांच्याकडे ढकलल्या आणि दाणे काढता काढता म्हणाली, "ह्यांच्या शेवटच्या दिवसाचं तुला कधी सांगितलंच नाही मी."

"सांग," ते म्हणाले.