गोलकीपरच्या घरचा चहा

जाहिरात निघाली तेव्हा मी किट-रूममध्ये मोजे जोडत होते. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे मोजे दिसायला सगळे सारखेच, पण धुऊन आले की प्रत्येकाची लांबी वेगळी होते, त्यामुळे जोड्या लावणं हे निम्मं डोळ्याचं आणि निम्मं नशिबाचं काम. मुलींच्या टीमची हेड कोच दारात उभी राहिली. हातात प्रिंटआउट.

"असिस्टंट कोचची जागा, माय लव्हर. तू भरणार आहेस हा फॉर्म."

इथे इंग्लंडात, ब्रिस्टलमधली जुनी माणसं कुणालाही माय लव्हर म्हणतात, बसड्रायव्हरसुद्धा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी येऊन नवऱ्याला घाबरत सांगितलं होतं आणि ते जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसले होते. आता ती हाक आली की मला बरं वाटतं. या बाईचे माझ्यावर उपकार आहेत. मी कॅन्टीनमध्ये भांडी घासत होते तिथून तिनं मला किट-रूममध्ये आणलं. मैदानाच्या कडेला उभी राहून मी मुलींना काय काय ओरडते ते ऐकून तिनं मला विचारलं, "तू खेळलीयस का गं?" आणि कोचिंगच्या पहिल्या सर्टिफिकेटला माझं नाव घातलं, फी कॉलेजकडून भरायला लावली. नववीत शाळा सुटलेल्या बाईला चाळिसाव्या वर्षी कोण वर्गात बसवतं?

तर फॉर्म. फॉर्ममध्ये शिक्षणाचा रकाना होता. यादीतून निवडायचं. डिग्री, डिप्लोमा, इथली दहावी-बारावी, आणि सगळ्यात खाली "अदर". मी अदर निवडलं. इथेच जन्मलेली माझी मुलगी शेजारी बसून वाचत होती.

"आई, ग्रेटफुल चार वेळा लिहिलंयस. डेस्परेट वाटतं."

"आहेच मी ग्रेटफुल."

"हो, पण जॉब तू दोन वर्षं करतेयस ना? मग ते लिही. थँक यू कार्ड नाहीये हा."

तिचं खरं होतं. आधीची असिस्टंट ग्लासगोला नोकरी लागून गेली, त्याच्याही आधीपासून अर्धं काम मीच करत होते. वॉर्म-अप मी घ्यायची, गोलकीपरची प्रॅक्टिस मी घ्यायची, आणि पोरी आणायचं कामही माझ्याकडे आलं होतं.

पोरी आणायचं काम म्हणजे काय ते सांगते. इथे सोळाव्या वर्षी शाळा संपते आणि मुलं कॉलेज निवडतात. प्रत्येक कॉलेज आपली टीम भरायला बघतं. ओपन इव्हिनिंगला टेबल मांडतात, बॅनर लावतात, फुकट पाण्याच्या बाटल्या वाटतात. बाटल्या संपतात, मुली येत नाहीत. मुलांच्या टीमला रांग लागते. मुलींची टीम अठरा जणींची झाली नाही तर त्या वर्षी टीमच नाही, असं वरून सांगितलेलं. मागच्या उन्हाळ्यात बाटल्या वाटून तेरा झाल्या होत्या. उरलेल्या पाच मी आणल्या.

कशा आणल्या? घरी जाऊन.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे पेठेपेठेत तालमी आणि तालमीतालमीची फुटबॉल टीम. माझे काका आमच्या तालमीची टीम बघायचे. दुसऱ्या पेठेतलं एखादं पोरगं डोळ्यात भरलं की काका त्याच्याशी मैदानावर एक शब्द बोलायचे नाहीत. सरळ त्याच्या घरी जायचे, आणि जाताना मला बरोबर घ्यायचे. मी दहा-अकरा वर्षांची, फ्रॉकमध्ये, हातात पेढ्यांचा पुडा. आत गेलं की पोराच्या आईशी पाऊसपाणी, दुखणीखुपणी, कुणाचं लग्न जमलं. पहिला चहा संपेपर्यंत बॉलचं नावसुद्धा काढायचं नाही. परत येताना मी विचारलं होतं एकदा, एवढा वेळ का घालवता म्हणून. काका म्हणाले, "आगं, पोरगं काय, उद्या येतो म्हनंल. पर पाय मोडला तर रात्रभर जागनार आई. तिला नगो का इचारायला?"

मी तेच इथे केलं. अक्कल तेवढीच होती माझ्याजवळ.

या वर्षीच्या वसंतात बसस्टॉपमागच्या पार्कात मी एक मुलगी बघितली. डोक्याला घट्ट हिजाब, चुलतभावांच्या खेळात गोलकीपर म्हणून उभी. मोठी मुलं दहा पावलांवरून मारत होती आणि ही डोळे न मिटता बॉल छातीशी घेत होती. डोळे न मिटणं शिकवता येत नाही. मी जवळ जाऊन विचारलं, "आई घरी आहे का?" आता लिहिताना कळतं की हे वाक्य कसं वाटलं असेल. पण ती म्हणाली, "आहे."

तिची आई सोमालियातून आलेली. तिनं मला चहा दिला, वेलदोडा आणि लवंग घातलेला, भरपूर साखरेचा. इतक्या वर्षांत इंग्लंडात मला दुसऱ्याच्या घरी आपल्या चवीचा चहा मिळाला तो तिथेच. मी चकल्या नेल्या होत्या. आम्ही बसचं बोललो, गुडघ्यांचं बोललो. दुसऱ्या कपाला मी बॉलचं काढलं. तिनं सगळं नीट विचारलं. कपडे काय असतात, प्रॅक्टिस सुटल्यावर घरी कोण सोडतं, नमाजाची वेळ झाली तर काय, आणि अभ्यास बुडाला तर कुणाला धरायचं.

"मला धरा," मी म्हटलं.

"विचार करते," ती म्हणाली. "ऑगस्टअखेर, उन्हाळा संपताना परत ये. तेव्हा फॉर्मवर सही करीन."

हेड कोचला मी सांगितलं की गोलकीपर मिळतेय, घरी जाऊन आले. तिनं कानावर हात ठेवले आणि हसली. "कसं करतेस ते मला सांगू नकोस. फक्त करत राहा."

मला ते कौतुक वाटलं होतं.

इंटरव्ह्यू जूनमध्ये झाला. टेबलापलीकडे तिघं. हेड कोच, स्पोर्ट्स विभागाचा प्रमुख, आणि ऑफिसमधली एक बाई. इथे इंटरव्ह्यू म्हणजे गप्पा नसतात. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, कागदावरून वाचून, आणि उत्तर चालू असताना तिघं मान खाली घालून लिहितात, मार्क देतात. ज्या बाईबरोबर मी रोज एका बिस्किटाचे दोन तुकडे करते तीसुद्धा परक्यासारखं "तुमचा अनुभव सांगा" म्हणाली. पहिल्या तीन उत्तरांत मी काय बोलले ते मला आठवत नाही. फक्त "कोचनी शिकवलं" हे पुष्कळदा म्हटलं एवढं आठवतं.

चौथा प्रश्न आला: नव्या खेळाडू तुम्ही कशा आणाल?

माझा जीव भांड्यात पडला. हे मला येत होतं. मी सगळं सांगितलं. काका, पेठा, पहिला कप, दुसरा कप, मागच्या वर्षीच्या पाच मुलींची पाच घरं, ही गोलकीपर. मला वाटलं मी इतकं चांगलं इंग्रजी कधी बोलले नव्हते. ऑफिसच्या बाईचं पेन थांबलं होतं, ते मला चांगलं लक्षण वाटलं.

"तुम्ही एकट्या गेलात?" तिनं विचारलं.

"हो."

"परवानगी घेतली होती? भेटीची नोंद कुठे आहे?"

"नोंद नाही. चकल्या नेल्या होत्या."

कुणी हसलं नाही. मग तिनं शांतपणे, अगदी सौम्यपणे समजावलं. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या घरी कॉलेजच्या माणसानं एकट्यानं जायचं नाही. लेखी परवानगी, नेहमी दोघं, नोंद. सेफगार्डिंग. मुलांच्या सुरक्षेचा नियम, ज्याचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग मीही केलं होतं. पण मी त्यात ऐकलं होतं ते वाईट माणसांबद्दल. मी आईला भेटायला जाते ते त्यात येतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नेहमी दोघं" म्हटल्यावर मला ती फ्रॉकमधली मी आठवली. घरात एकटी बाई असेल तर एकट्या पुरुषानं उंबरा ओलांडू नये, म्हणून काका मला न्यायचे. म्हणजे काकांकडेही नियम होताच. मी त्यातला चहा तेवढा उचलला आणि बरोबरीचं माणूस कोल्हापुरातच सोडून आले. स्वतःचाच राग आला मला.

आणि मग तिनं तो प्रश्न विचारला.

"तुम्ही घरी जाता हे इथे कुणाला माहीत होतं का?"

हेड कोच कागदाकडे बघत होती. तिच्या पेनाचं टोपण निघालेलं होतं आणि ते ती परत परत लावायला बघत होती. मला फीचे पैसे आठवले, कॅन्टीनचं सिंक आठवलं.

"नाही," मी म्हणाले.

जागा मला मिळाली नाही. पत्रात छान छान लिहिलं होतं. फीडबॅकमध्ये दोन ओळी: उमेदवाराचा उत्साह वाखाणण्यासारखा आहे, कार्यपद्धतीची जाण कमी आहे. वेगळ्या पत्रात समज, की यापुढे कोणत्याही विद्यार्थिनीच्या घरी जाऊ नये. जागा एका चोवीस वर्षांच्या मुलीला मिळाली. स्पोर्ट्सची डिग्री, स्वभावानं चांगली, मला पहिल्याच दिवशी केक आणून दिला. तिचा राग येईना म्हणून आणखी राग यायचा.

हेड कोच त्या दिवसाबद्दल बोललीच नाही. मी वाट बघितली. एखाद्या दिवशी दार लावून घेईल, म्हणेल की चुकलं माझं, निदान म्हणेल की थँक यू. ती नेहमीसारखी यायची, माय लव्हर म्हणायची, बिस्किट मोडायची. ऑगस्टभर मी मोजे जोडले.

त्याच ऑगस्टमध्ये टीम सतरावर अडकली. अठरावी म्हणजे ती गोलकीपर. नव्या असिस्टंटनं तिच्या आईला तीन ईमेल पाठवले, फोन केले, व्हॉइसमेल ठेवले. उत्तर नाही. ती माझ्याकडे आली.

"त्या रागावल्यात का माझ्यावर?"

"तुला ओळखतच नाहीत तर रागावतील कशा? त्यांनी मला परत यायला सांगितलं होतं. मला जाता येत नाही."

"मग मी काय करू?"

"मला विचारू नकोस," मी म्हटलं, आणि लगेच वाईट वाटलं. मी तिला मोज्यांचा ढीग अर्धा करून दिला.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी रिसेप्शनवरून फोन आला, की कुणीतरी चकलीवाल्या बाईला विचारतंय. मी धावत गेले. गोलकीपरची आई, मागे ती मुलगी. आई रागातच होती.

"तू परत आली नाहीस. मी वाट बघितली. नुसते मशीनमधले आवाज येतात फोनवर."

मी त्यांना किट-रूममध्ये नेलं. कपडे धुण्याच्या एका मशीनवर बसायला टॉवेल घातला, दुसरं फिरत होतं. केटल लावली. माझ्या डब्यातला चहा मसाला घातला. नव्या असिस्टंटला बोलावलं आणि सांगितलं, बस, काही बोलू नकोस. घरी जायला बंदी होती, चहाला नव्हती. पहिल्या कपाला मी आईला खरं काय ते सांगितलं, की मला मनाई आहे, चूक माझी होती. तिनं नव्या असिस्टंटकडे बोट केलं.

"आणि अभ्यास बुडाला तर मी कुणाला धरू? तुला की हिला?"

नवी असिस्टंट माझ्याकडे बघायला लागली. "दोघींना," मी म्हटलं.

दुसऱ्या कपाला सही झाली. अठरा. फॉर्मवर "खेळाडू आणणारी व्यक्ती" या रकान्यात असिस्टंटचं नाव आलं, कारण तिथे असिस्टंटचंच नाव येतं.

संध्याकाळी हेड कोच आली, खूश. "जादूगार आहेस तू, माय लव्हर."

मी कप विसळत होते. पाठ तिच्याकडे होती म्हणून जमलं असेल. "कोच, पुढच्या वेळी मला कुणी विचारलं की कुणाला माहीत होतं का, तर मी हो म्हणणार आहे."

मशीनचा पिळायचा आवाज चालू होता. तो थांबल्यावर ती "फेअर इनफ" म्हणाली आणि गेली. बिस्किटाचा अर्धा तुकडा तिथेच राहिला.

पुढचा आठवडाभर मी नोकरीवरून काढल्याच्या पत्राची वाट बघितली. मुलगी म्हणाली, "आई, त्यांनी घाबरायला पाहिजे, तू नाही." ते तिला सोपं आहे. पत्र आलं नाही. आला तो एक फॉर्म, घरभेटीच्या परवानगीचा, नव्या असिस्टंटनं अर्धा भरलेला. भेट देणाऱ्या व्यक्ती दोन. पहिली ती. दुसरी मी, नावापुढे "किट असिस्टंट, सोबत". खाली हेड कोचची सही, स्पष्ट, पूर्ण नावानिशी. तशी सही तिनं मागच्या वर्षी केली असती तर, हे मी त्या दिवसापासून किती वेळा म्हटलं असेल.

पुढच्या वर्षासाठी हेरलेल्या एका मुलीच्या घरी जाताना बसमध्ये नवी असिस्टंट म्हणाली, "गेल्यावर आधी मी काय बोलू?"

तिच्या मांडीवर कॉलेजचा फोल्डर होता, माझ्या मांडीवर चकल्यांचा डबा. पगार तिला, डबा मला. मग मी सांगितलं. पहिला कप संपेपर्यंत बॉलचं नाव काढू नकोस.