ठाण्याच्या तारखा आणि खुनाच्या गोष्टी

कोर्टाच्या तारखेला ताईंना ठाण्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, घटस्फोटाचा दावा लावून आमच्याकडे येऊन राहिलेली. नवरा एकलहऱ्याला वीज केंद्रात, त्याला शिफ्ट बदलून मिळता मिळत नाही. मी घरी शिकवण्या घेते, मुलांना एक दिवस सुट्टी दिली की झालं. रेल्वेने यायचं नाही, असं वकीलबाईंनीच बजावलं होतं. पहिल्या तारखेला ताईंच्या नवऱ्याने त्यांना स्टेशनच्या जिन्यावर गाठलं होतं आणि भर गर्दीत, शेजारून जाणाऱ्यालाही कळू नये अशा बेताने, त्यांची करंगळी मागे वाकवून मोडली होती.

म्हणून गाडी. पाथर्डी फाट्यावरून हायवेला लागायचं, घोटी, इगतपुरी, कसारा घाट, शहापूर आणि मग भिवंडीच्या कंटेनरांमागे खुरडत ठाणं. पहिल्या खेपेला ताई सबंध रस्ता बोलत होत्या. कुकरच्या झाकणाने कुठे मारलं, पट्ट्याचं बक्कल कुठे लागलं, बाथरूममध्ये कोंडून कसं वरून उकळतं पाणी टाकलं. आवाज भाजीचे भाव सांगावेत तसा. मधेच "डावीकडून घे, उजवीकडे खड्डा आहे" असंही सांगायच्या. परत येतानाही तेच. घरी पोचल्यावर मी मोरीत जाऊन ओकले.

पुढच्या तारखेच्या आधी ठरवलं, गाडीत काहीतरी लावायचं. गाणी ताईंना नको होती. त्यांचा नवरा मारायच्या आधी टीव्हीवर गाणी मोठ्याने लावायचा, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मग मी पॉडकास्ट शोधायला लागले. पहिला किल्ल्यांच्या इतिहासाचा होता. सांगणारा गडी इतका ओरडायचा की प्रत्येक आरोळीला ताईंचे खांदे उडायचे. तो विल्होळीलाच बंद केला. मग मनःशांतीचा लावला. एक मऊ आवाजाचे गृहस्थ सांगत होते, ज्याने दुखावलं त्याला क्षमा करा, मन पिसासारखं होईल. ताईंनी स्वतः हात पुढे करून बंद केला.

"ह्यांना चार दिवस माझ्या सासरी राहायला पाठव," त्या म्हणाल्या.

तिसऱ्यात दोन पोरं स्वतःच्याच विनोदांना हसत होती. त्या दिवशी परतताना मी वैतागून फोन तसाच सोडला आणि त्याने आपल्या मनाने पुढचं काहीतरी सुरू केलं. एका बाईचा खालच्या पट्टीतला, न घाईचा आवाज. एका गावात एका माणसाने बायकोला मारून पाण्याच्या टाकीखाली पुरलं होतं आणि वर फरशी बसवून घेतली होती. मी दचकून बंद करायला गेले.

"राहू दे," ताई म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या, पाय सीटवर घेतले आणि इगतपुरीपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्या गाडीत खूनच चालले. मी पोळ्या करता करता भाग ऐकून ठेवायचे, निवडायचे. मागे भेसूर संगीत नको. मेलेल्या बाईलाच नावं ठेवणारा नको. ताईंची अट एकच होती, मारणारा सापडला पाहिजे. ज्यात सापडत नाही तो भाग त्या अर्ध्यात तोडायला लावायच्या. ऐकताना मधेच मेलेलीशी बोलायच्या. "आता त्याच्यासोबत शेतावर जाऊ नकोस गं बाई." "अगं, माहेरी फोन कर." ती जायचीच, आणि कुऱ्हाड यायची. मला हे सगळं सोसेना, पण ताई त्या काळात रात्री झोपायला लागल्या होत्या, म्हणून गप्प बसले.

एका भागात ती बाई सांगत होती, कोणी ओढून न्यायला लागलं तर नुसतं वाचवा म्हणून ओरडू नका. लोकांना घरचं भांडण वाटतं, कोणी मधे पडत नाही. ह्याला मी ओळखत नाही, असं ओरडा. आणि काही झालं तरी गाडीत बसू नका. ताईंनी तेवढा तुकडा मला पुन्हा लावायला सांगितला.

त्या तारखेला कोर्टात ताईंचा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ दोघंही आले होते. शांत होते. तो ताईंकडे पाहून नमस्कार केल्यासारखा हसलासुद्धा. दुपारी आम्ही निघालो. शहापूर मागे टाकल्यावर मी एका हॉटेलपाशी चहाला थांबले. शेजारी पंक्चरचं दुकान, समोर दोन ट्रक उभे. ताईंचं डोकं दुखत होतं, त्या गाडीतच बसल्या. भाग चालू होता.

मी दोन कागदी कप घेऊन वळले आणि आमच्या गाडीला आडवी लावलेली मोठी पांढरी गाडी दिसली. ताईंच्या बाजूचं दार उघडं होतं. ताईंच्या नवऱ्याने त्यांचे केस मुठीत धरले होते आणि तो पोतं खेचावं तसं त्यांना बाहेर खेचत होता. ताईंनी सीटबेल्ट दोन्ही हातांना गुंडाळून घेतला होता. तो ओढत होता, केस येत होते, ताई येत नव्हत्या. गाडीतून त्या बाईचा आवाज तसाच चालू, संथ, शवविच्छेदनात काय सापडलं ते सांगणारा.

मी धावले आणि दोन्ही कप त्याच्या तोंडावर फेकले. तो किंचाळला. तेवढ्यात भावाने माझ्या कानशिलात अशी ठेवून दिली की मी बोनेटवर आपटले आणि डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. हॉटेलवाला पायरीवर येऊन उभा राहिला होता.

"अहो, सोडवा ना!" मी ओरडले.

"बायको आहे माझी!" तो लोकांकडे पाहून म्हणाला. "घरचा मामला आहे."

हॉटेलवाला थांबला. ट्रकवाले थांबले. कोणाच्या तरी हातात फोन वर आला. आणि तेव्हा ताई ओरडल्या. इतका मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"मी ओळखत नाही ह्याला! कोण आहे हा? मला पळवून नेतोय! ओळखत नाही मी!"

कोर्टात जायचं म्हणून ताई मंगळसूत्र घालत नसत. गळा मोकळा होता. लोकांनी तेवढंच पाहिलं असेल. पंक्चरवाला सगळ्यात आधी धावला, हातात टायर उचकटायची लोखंडी पट्टी. पहिला घाव केस धरलेल्या हाताच्या कोपरावर बसला, त्याचा आवाज मला फुटलेल्या कानानेही ऐकू आला. ताईंचे केस सुटले. मग ट्रकवाले आले, हॉटेलातले आले, दोन मोटरसायकली थांबल्या. भाऊ गाडीत घुसून पळाला. नवऱ्याला मात्र लोकांनी खाली पाडलं. लाथा, पट्टी, चुलीतली जळकी लाकडं. "बायको आहे, बायको आहे," तो म्हणत होता, आणि दर वेळी त्यांना जास्तच चेव येत होता. तोंडातून दात आणि रक्त मातीत पडलं. मग तो बोलायचा थांबला.

ताई गाडीला टेकून उभ्या होत्या. डोक्यावर मुठीएवढी जागा सोलली होती, रक्त कानामागून ब्लाउजमध्ये उतरत होतं. त्या पाहत होत्या.

"ताई, मरेल तो," मी म्हणाले. "सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"खरं काय ते."

त्या हलल्या नाहीत. खोटं का बोलू, मलाही थोडा वेळ लोकांनी थांबू नये असंच वाटत होतं. शेवटी एकाने दगड उचलला, तो चांगला दोन हातांनी उचलावा लागेल एवढा होता, तेव्हा ताई पुढे गेल्या.

"बास," त्या म्हणाल्या. "नवरा आहे माझा."

सगळे एकदम मागे सरले. दगडवाल्याने दगड हळूच, स्वतःच्या पायाशी ठेवला. पंक्चरवाल्याचा चेहरा उतरला.

"मग आधी नाही का सांगायचं, ताई?"

"आधी सांगितलं असतं तर तू आला असतास?"

हातातली पट्टी त्याने पँटला पुसली.

त्यानंतर पोलीस, जबाब, दवाखाना. माझ्या कानाचा पडदा फाटला होता. त्याचा कोपर आणि जबडा मोडला होता. त्याच्या भावाने उलटी तक्रार केली, की बाईने मुद्दाम जमाव अंगावर घालून मारवलं. ताईंचं ते ओरडणं एकाने फोनमध्ये घेतलंच होतं. घरी सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. जावई वाचला का, असं त्या विचारत नव्हत्या. चारचौघांत नवऱ्याला ओळखत नाही म्हणालीस कशी, हे त्यांना लागलं होतं. माझा नवरा आईवर ओरडला, मग बाहेर जाऊन गाडीच्या टायरला लाथा मारत बसला. आपण तिथे नव्हतो, हे त्याला पचत नव्हतं.

पुढच्या तारखेला मी गाडीत काहीच लावलं नाही. घोटीच्या अलीकडे ताईंनी फोन मागितला.

"मला नाही ऐकवत आता," मी म्हणाले. "माझ्या कानात अजून ती बाई बोलतेय."

"मला ऐकायचंय."

"कशाला, ताई? झालं ते कमी आहे का?"

त्या चिडल्या. "तुला त्या गोष्टीत खून ऐकू येतो," म्हणाल्या, "मला ती मेलेली कुठे चुकली ते ऐकू येतं." मी म्हणाले, ती चुकली कशी, चुकला तो. आमचं कडाक्याचं भांडण झालं. मग त्यांनी स्वतःच्या कानात इअरफोन घातले आणि मी समोरच्या टँकरकडे बघत गाडी चालवली.

पुढे त्याने घटस्फोटाच्या कागदांवर मुकाट्याने सह्या केल्या. वकीलबाई म्हणाल्या, इतक्या लवकर सहसा होत नाही. ताई आता पंचवटीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, एका डॉक्टरांकडे नंबर लावायचं काम करतात. दवाखान्यात एखादी बाई गॉगल न काढता बसली, तर तिला नंबर सोडून आत पाठवतात, असं तिथल्या नर्सने मला सांगितलं.

त्याचा हात सरळ होत नाही, घास तोंडाशी न्यायला डावा वापरावा लागतो, असं कोणाकडून तरी कळलं. ते ऐकून वाईट वाटायला हवं, म्हणून मी थोडा वेळ बसून पाहिलं. वाटलं नाही. उठून कणीक मळायला घेतली.