लीलाआत्याच्या पोटऱ्या

लावणीच्या दिवसांत गावातल्या सगळ्या बायका पातळ गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरायच्या. लीलाआत्या एकटी पातळ घोट्यापर्यंत सोडून उतरायची. संध्याकाळी घरी येईपर्यंत काठ चिखलाने इतके जड झालेले असायचे की चालताना पायांवर फटफट आपटायचे. लहानपणी मी कारण विचारलं, तर म्हणाली, "किडं चावतात गं." किडे बाकीच्या बायकांनाही चावायचेच.

आत्या ही दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. लग्न झालं नाही, आमच्याच घरी राहिली. दादा खोपोलीला कंपनीत जायचे, त्यामुळे म्हशी आत्याच्या गळ्यात पडल्या. सकाळी सायकलच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवून ती खालापूरच्या हॉटेलांवर दूध घालायला निघायची. वाटेतला चढ चांगले धडधाकट गडीसुद्धा खाली उतरून, सायकल ढकलत चढायचे. आत्या बसूनच चढायची. उतर म्हटलं तर म्हणायची, "उतरून परत टांग टाकायची म्हंजे कॅन हिंदकळतात. त्यापरीस बसलेली बरी." सायकल कधी तिच्या कौतुकाचा विषय नव्हती. दूध पोचवायचं म्हणून ती होती.

तिला बघायला कशेळ्याकडचे पाहुणे आले होते, हे मला आईने सांगितलं. पोहे झाले, नाव विचारून झालं, मग पोरगी लंगडत नाही ना, म्हणून तिला ओटीवर चालायला लावलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मुलाच्या आईने पातळ जरा वर धरायला सांगितलं. आत्याने धरलं.

"पोटऱ्या तं गड्यासारख्या हायत हिच्या," बाई म्हणाली. पाहुण्यांनी चहा संपवला आणि चपला घातल्या.

आजीने त्याच दिवशी सायकल बंद करायचा हुकूम काढला. आत्या म्हणाली, "करते बंद. सकाळी दूध डोक्यावरनं तू नेशील ना?" सकाळी कॅन नेहमीसारखे कॅरियरला लागले. पातळ मात्र खाली आलं ते कायमचंच.

नोकरी लागल्यावर मी कर्जतच्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथला ट्रेनर म्हणाला, "मॅडम, नुसत्या सायकलने दम वाढतो, थोडीफार ताकद येते. पाय भरायचे तर सायकलचं लोड वाढवा, वजनं उचला." हे ज्ञान मी मोठ्या उत्साहाने घरी आणलं. आत्या भाकरी थापत होती.

"ह्ये सांगायचं पैसे घेतलंन त्यानं?" ती म्हणाली. "आगं, सायकलीनं पाय नाय होत, वझ्यानं होतात. गावातली पोरं दिसभर सायकली फिरवतात, पाय बघ त्यांचं. काड्या."

मी काही लोड वाढवलं नाही. पुढे जिमही सुटली.

गेल्या वर्षी गोठ्यातल्या ओल्या फरशीवर आत्या घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड बसलंय, पण मांडीत ताकद आली तरच उभ्या राहतील, नाहीतर अंथरूणच. आत्याला हसू आलं. "पायांचं माज्यावर सोडा," ती म्हणाली. पायांबद्दल तिला शंका नव्हती. आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

खुर्चीत बसून मारायचं पेडलचं छोटं यंत्र मी आणलं. तिने दोनचार फेऱ्या मारल्या आणि तोंड वाकडं केलं. "ह्येला वझं नाय गं, रिकामं फिरतंय. तो स्क्रू आवळ." मी आवळला. पेडल जागचं हललं नाही. मी परत सैल केला. दुसऱ्या दिवशीही ती म्हणाली, "आवळ." तेच झालं. काही आठवडे हे असं चाललं, आणि मग तिने आवळ म्हणणं सोडून दिलं.

मी पायांना तेल लावायची, तेही पातळाखालून हात घालून. ती वर घेऊ द्यायची नाही. पोटरी हळूहळू माझ्या मुठीत मावायला लागली. एका दुपारी तिने आपल्या हाताने पातळ गुडघ्यापर्यंत वर ओढलं आणि बराच वेळ खाली बघत राहिली.

"बोलाव त्यांना आता बघायला," ती म्हणाली.

कुणाला, ते मी विचारलं नाही. हसावं असं तिला वाटत होतं बहुतेक. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मी तेलाची वाटी उचलून आत ठेवली.

श्रावणात ती गेली. बायका रडत होत्या आणि मी कुणाला फोन करायचे राहिलेत ते आठवत होते. आत काहीच हलत नव्हतं, अजूनही हलत नाही. अंघोळ घालून झाल्यावर बायकांनी तिला नवं पातळ नेसवलं. ते आखूड बसलं होतं. मी काठ ओढून घोट्यापर्यंत आणले.

स्मशानातून परतल्यावर दादा ओटीवर बसले. वाटभर त्यांनी खांदा बदलू दिला नव्हता म्हणे. त्या खांद्यावरून ते सारखा हात फिरवत होते. मी पाणी दिलं आणि विचारलं, "खांदा दुखतोय का?"

"नाय गं," दादा म्हणाले. "वझंच नव्हतं."