ताकदीच्या गोळ्या

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही नवी मुंबईत कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला लागून एका खोलीत भाड्याने राहत होतो. हे पावण्याला रबराच्या कारखान्यात मशीनवर होते. मुलगी बालवाडीत जायची. माझी तिशीही उलटली नव्हती, पण पाण्याची कळशी घेऊन जिना चढताना दम लागायचा. छातीत फडफड व्हायची, मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची.

गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी धरली ती बराच वेळ सोडलीच नाही. त्यांनी आम्हाला वाशीला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे कार्डिओग्राम काढला, पडद्यावर हृदय पाहिलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं विचारलं. आला होता. साताऱ्याकडे आमच्या गावी आईने लेप लावून तो उतरवला होता. हे ऐकून डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा. मी मिस्टरांशी बोलतो."

हे बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"काय म्हणाले?"

"काही नाही गं. अशक्तपणा आहे. ताकदीच्या गोळ्या दिल्यात."

ताकदीच्या गोळ्यांना सारखं रक्त कशाला तपासायचं, हे मी विचारलं नाही, पण मनात ठेवलं. गोळ्यांचं पाकीट ह्यांच्याच कपाटात असायचं. रोज संध्याकाळी स्वतः हातावर गोळी ठेवायचे आणि गिळेपर्यंत समोर उभे राहायचे. एकदा भाजी चिरताना बोट कापलं आणि रक्त थांबता थांबेना. हे पाहून ह्यांनी विळी माळ्यावर टाकली. शिवाय उकडतं म्हणून गॅलरीत झोपायला लागले, तेही थंडीत. माझ्याजवळ यायचे नाहीत.

घरमालकीण गावातलीच आगरी बाई. तिला मी एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं होतं. ती म्हणाली, "तुला भायेर आन् त्याला आत? मंग काय तरी हाय गो. नवरा नाय सांगत तं दागदराला इचार."

तेवढ्यात गावाहून सासूबाई आल्या. जेवताना म्हणाल्या, "आता नातवाचं तोंड दाखवा." मग बोलता बोलता त्यांच्या भावाच्या मुलीचा विषय निघाला, तिचं लग्न अजून जमत नव्हतं. हे ताटावरून उठूनच गेले. माझी खात्री झाली. मी जगत नाही हे मायलेकांना ठाऊक आहे आणि माझ्या जागेची सोय चाललीय. त्या दिवसापासून सासूबाईंनी केलेला चहासुद्धा मला कडू लागायला लागला.

सासूबाई गावी परतल्यावर मी मुलीला घरमालकिणीकडे ठेवलं आणि बसने एकटी वाशीला गेले.

"मिस्टर नाही आले?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. मलाच सांगा. सगळं सांगा."

त्यांनी कागदावर हृदय काढलं. तापाने एक झडप अरुंद झालीय, वरचा कप्पा नीट आकसायच्या ऐवजी नुसता थरथरतो, रक्त तिथे साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर लकवा. गोळी रक्त पातळ ठेवते. "ही गोळी चालू असताना दिवस राहिले तर बाळाला धोका आहे. आणि या झडपेवर बाळंतपण तुम्हालाही झेपणार नाही. मिस्टरांना मी हे सांगितलं होतं."

"गोळी सोडली तर?"

"कदाचित काहीच होणार नाही. कदाचित उद्याच लकवा येईल. फुगा घालून झडप मोठी करता येते, पण त्यानेही ठोका सरळ होईलच असं नाही."

त्यांच्या बोलण्यावरही माझा पुरता विश्वास बसला नाही. पण त्यांनी खात्री दिली नाही, म्हणूनच थोडा बसला. गोळी घ्यायची, हे मी परतीच्या बसमध्ये ठरवलं.

हे कामावरून आल्यावर मी पाकीट समोर ठेवलं. "ह्या ताकदीच्या गोळ्या?"

ह्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर आईला कळलं असतं. तिने दुसरं लग्न काढलं असतं. मला तिला नाही म्हणता येत नाही."

"आणि मला खोटं सांगता येतं?"

ते पाकीट उचलून कपाटाकडे निघाले. मीच म्हटलं, "मूल नको तर ऑपरेशन तुम्ही करा. माझं रक्त पातळ आहे, मला सुरी लावणं बरं नाही."

बरेच दिवस त्यांनी अबोला धरला. सासूबाईंना पत्र गेलं असणार, असं मी धरून चालले होते. मग एका सकाळी सुट्टी टाकून कुठेतरी गेले आणि दुपारी सावकाश चालत घरी आले. पुढे गावी जाऊन आईला स्वतःच सांगितलं, "मी नसबंदी करून घेतलीय." सासूबाई कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या मते हे मीच करायला लावलं होतं, आणि ते खरंच होतं.

फुग्याचं मी लगेच ठरवलं नाही. आणखी एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीही तेच सांगितलं तेव्हा मुंबईला जाऊन करून घेतलं. दम कमी झाला. ठोका मात्र वेडावाकडाच राहिला, आणि गोळीही चालूच राहिली.

पाकीट आता माझ्याकडे असतं. संध्याकाळी हे विचारतात, "घेतली का?" मी हो म्हणते. ते थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहतात.