नलूने आखलेली वाट

नलू गेल्याचं कळल्यावर जी पहिली शेजारीण घरात शिरली, ती म्हणाली, "किती शांत गेल्या हो!" मी तिथेच उसळले. शांत? माझी नणंद जन्मात कधी शांत नव्हती. त्या सकाळी वणा नदीकाठच्या बनातून आली, "वयनी, चहा टाक" म्हणाली आणि मी कप घेऊन येईस्तोवर खुर्चीतच मान टाकली होती. कॅनव्हासच्या बुटांना पांढरी फक्की तशीच लागलेली... त्याला आता महिना होत आला. मैदान आखायच्या त्या फक्कीने आमची पायपुसणी, चटया, माझ्या वाळत घातलेल्या साड्यासुद्धा सोडल्या नव्हत्या. जन्मभर आम्ही त्यावरून भांडलो. आता अंगण स्वच्छ असतं आणि मला ते बघवत नाही.

नलू हिंगणघाटच्या एका शाळेत पीटीची बाई. लग्न केलं नाही, भावाकडेच राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिने मला पहिला प्रश्न विचारला, "वयनी, तुले सायकल येते का?" येत नव्हती. नवी नवरी मी, पदर सांभाळू की हँडल? बनातल्या पायवाटेवर तिने मला शिकवली. आधी करंजाला धडकले, मग थेट बाभळीत... काटे काढता काढता ती हसत होती आणि मी तिला माहेरच्या ठेवणीतल्या शिव्या ऐकवत होते. आमची मैत्री तिथली.

ते बन म्हणजे कडुनिंब, करंज, बाभळी आणि मधोमध एक जुना हिवर. पलीकडच्या वस्तीतल्या पोरी त्यातूनच सायकलने शाळा-कॉलेजला येतात, कारण दुसरा रस्ता हायवेचा, ट्रकांच्या कडेकडेने. निवृत्तीनंतर नलूने ध्यासच घेतला की इथे पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी पक्की वाट व्हावी. नगरपालिकेला पटलंही. पण पहिलं भांडण पेटलं ते वाट वापरणाऱ्यांतच. सकाळी फिरायला येणारे काका म्हणत, सायकली अंगावर येतात. पोरी म्हणत, काका रस्ताभर आडवे चालतात. नलूने एका रविवारी दोघांनाही बनात उभं केलं. "हात पसरा!" कवायतीला सांगतात तसा हुकूम. दोन काका हात पसरून उभे, त्यांच्या बाजूला दोन सायकली. "झालं. एवढीच वाट. चौघं चौघं आडवे चालाले वरात हाय का?" काकासुद्धा हसले. मग तिने डब्यातून फक्की ओतत रेघ मारली, हिवराला वळसा घालून. झाड हलणार नाही, वाटेने वळायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

नकाशा आला तो मात्र दुप्पट रुंदीचा. हिवर त्यात गायब. बनामागे नवं लेआउट पडलं होतं आणि प्लॉटपर्यंत गाड्या जायला हव्या होत्या. नलू मला घेऊन तडक कार्यालयात गेली. "एवढी रुंद काऊन?"

"मॅडम, भविष्याचा विचार करावा लागतो," साहेब म्हणाले.

"भविष्य काय कारमध्येच बसून येते? माह्या पोरी तं सायकलनं येऊन राह्यल्या!"

त्या दिवसापासून दर रविवारी ती रेघ मारायला जायची. ट्रॅक्टर पुसायचे, पाऊस पुसायचा, ही पुन्हा मारायची. कंबर धरून परत यायची. मी चिडायचे, अगं, बघतं कोण? "रेघ दिसली पायजे, वयनी. रेघ नाई दिसली तं लोक समजते, खेळ संपला."

शोकसभेत पुढारी मंडळी भरभरून बोलली. त्यातले एक म्हणाले, बाईंचं स्वप्न आम्ही पूर्ण करू, बनातून मोठा सिमेंट रस्ता काढू आणि त्यावर बाईंच्या नावाची कमान उभारू. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! माझ्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. जिवंतपणी जिला नमवता आलं नाही, तिला मेल्यावर कमानीत चिणता? मी उठले. एरवी चारचौघांत मी बरी शुद्ध बोलते, पण संताप आपल्याच बोलीत येतो. "तिचं नाव घेऊन हिवर तोडाल, तं झाडाखाली मी बसीन. तिले कमान नाई, वाट पायजे होती!" मग मागच्या रांगेतून एक काका उभे राहिले, सायकलींवर सगळ्यात जास्त ओरडणारे तेच. त्यांनी दोन्ही हात पसरले. "एवढीच," म्हणाले आणि खाली बसले. मी तेव्हा रडले.

निर्णय अजून व्हायचा आहे. कमानीचं चित्र तयार आहे म्हणतात. असू दे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, नलूची तर मेल्यावरही गेली नाही, मला लागली. तिचा तो तळाला भोक पाडलेला डबा घेऊन मी रविवारी बनात जाते. तिची रेघ सरळ यायची, माझी वाकडी येते, पण दिसते. परवा हिवराच्या वळणाशी एक कार येऊन थांबली. आतल्या माणसाने काच खाली केली. "काकू, हे काय करून राह्यल्या?"

"रेघ मारून राह्यली," मी म्हटलं. "गाडी मागं घे."