गल्लीकडचं दार

कुठल्याही हॉलमध्ये शिरले की मी आधी दार शोधते, मग खुर्ची. लग्नाचं कार्यालय असो, कोरमंगलातलं मल्टिप्लेक्स असो, नाहीतर नातीच्या शाळेचं गॅदरिंग. कडेची खुर्ची मिळाली नाही तर मी उभी राहते, पण मध्ये बसत नाही. मुलगी चिडते. लोकांना वाटतं, बाईचे गुडघे गेले असतील. गुडघे ठणठणीत आहेत. मला भीती वाटते, एवढंच.

आणि मी थिएटरवाल्याची मुलगी आहे. बंगळूरच्या जुन्या पेठेत आमच्या आजोबांनी कापडाच्या दुकानाच्या कमाईवर ते थिएटर बांधलं. लाल गुळगुळीत फरशी, बाल्कनीला सागवानी कठडा, तिकिटाच्या खिडकीला पितळी गज. पुढे ते वडिलांकडे, म्हणजे अप्पांकडे आलं. घरात मराठी, दारात कन्नड आणि पडद्यावर जे लागेल ते, असं आमचं बालपण.

थिएटरला गल्लीकडे एक बाजूचं दार होतं. पिक्चर सुरू झाला की अप्पा ते बाहेरून कडी घालून कुलूपबंद करायचे. कारण साधं होतं. एक पोरगा तिकीट काढून आत जायचा आणि आतून दार उघडून सगळ्या टोळीला फुकटात घ्यायचा. किल्ली अप्पांच्या जानव्याला. अंघोळीलाही ती त्यांच्या अंगावरच असे.

मी सात-आठ वर्षांची असेन. सुट्टीचा दिवस, दुपारचा खेळ, हाऊसफुल्ल. भिंतीवरच्या पंख्याची वायर जळाली. जाळ नव्हताच, नुसता धूर होता, पण अंधारात ते कुणाला कळणार? कुणीतरी ‘बेंकी, बेंकी’ ओरडलं, म्हणजे आग, आणि सगळं थिएटर गल्लीकडच्या दारावर येऊन आदळलं. सर्वांत पुढे मी होते. गाल फळ्यांना चिकटला होता आणि मागून माणसांचा रेटा वाढत होता. हिरव्या ऑइलपेंटचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. फळ्यांच्या फटीतून गल्ली दिसत होती. एक सायकल, एक कुत्रं, ऊन. मला ओरडायचं होतं, पण छातीत ओरडण्यापुरती हवाच उरली नव्हती.

अप्पा घरी जेवायला गेले होते. माझा मोठा भाऊ, अण्णा, बाहेर सोड्याच्या दुकानाशी उभा होता. तो घरी धावला, किल्ली घेऊन आला, दार उघडलं. कुणी मेलं नाही. चपलांचा ढीग आणि फुटलेल्या बांगड्या झाडून संध्याकाळचा खेळ वेळेवर सुरू झाला. जेवताना अप्पा म्हणाले, “काही झालं नाही ना?” आमच्या घरात हे वाक्य आलं की विषय संपायचा. माझा संपला नाही.

अप्पांनंतर थिएटर रडतखडत चाललं, मग बंद पडलं. काही वर्षं तिथे मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या पडून होत्या. बिल्डर यायचे, अण्णा त्यांना कॉफी पाजून परत पाठवायचा. सत्तरी ओलांडल्यावर त्याने ठरवलं, थिएटर होतं तसं उभं करायचं. मी त्याला वेड्यात काढलं. पण थिएटर आम्हा दोघांच्या नावावर होतं, माझ्या सहीशिवाय काम सुरू होणार नव्हतं, आणि सहीसाठी माझी अट एकच होती. गल्लीकडचं दार आतून कुणालाही, कधीही उघडता आलं पाहिजे.

आर्किटेक्ट पुण्याची तरुण मुलगी होती. तिने पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून लोखंडी दार करून आणलं. बाहेरच्या बाजूला उघडणारं, आत कमरेइतक्या उंचीवर आडवा दांडा. “काकू, टेन्शन नका घेऊ. नुसता हात ठेवला तरी उघडतं,” ती म्हणाली. मी हात ठेवला. उघडलं. पुन्हा लावून पुन्हा उघडलं. ती हसत होती. मी मात्र तेवढ्यानेही घामाघूम झाले होते. बाकी काम तिने देखणं केलं, हे कबूल करते. चुन्याची नक्षी साफ झाली, कठड्याला पॉलिश आलं, पितळेचे गज चकाकू लागले. मी ते पाहिलं आणि परत दारापाशी गेले.

उद्घाटनाला दुपारचा खेळ होता. बाहेर हिरोच्या कटआउटवर दूध, फटाक्यांच्या माळा, ढोल. मुलगी आणि नात आत पुढच्या रांगेत मधोमध बसल्या होत्या. मी अर्थातच कडेला. आमच्या थिएटरची रीत अशी, की पहिल्या खेळाआधी कोहळ्यावर कापूर पेटवून तो पडद्यावरून ओवाळायचा आणि बाहेर नेऊन फोडायचा. अण्णाने ओवाळला. कापराचा काळा धूर पडद्यावर चढला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, दिवे गेले.

सगळ्यांना ठाऊक होतं की तो कापूर आहे. मलाही ठाऊक होतं. तरी मी उठले, दारापाशी गेले आणि दांडा दाबला.

दार चार बोटं उघडलं आणि अडलं. फटीतून बाहेरची साखळी दिसली. तिच्यापलीकडे गल्ली. एक स्कूटर, ऊन. पुढच्या रांगेत नातीचं डोकं दिसत होतं आणि तिच्या चारी बाजूंना माणसंच माणसं होती.

फोन केला. अण्णा कोहळा फोडून गळ्यातल्या हारासकट गल्लीत आला. फटीतून त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता.

“किल्ली कुठे आहे?” मी विचारलं.

त्याने सदऱ्यात हात घालून जानवं बाहेर काढलं. किल्ली तिथेच होती. “अगं, ही पोरं आतून दार उघडून दोस्तांना घेतात. स्वल्प थांब. पिक्चर संपला की काढतो, सरी, चालेल ना?”

“आत्ता काढ.”

“सुम्ने, उगाच घाबरतेस तू. तेव्हा तरी काय झालं होतं? मी उघडलं होतं ना?”

ती दुपार आम्हा दोघांची होती. इतकी वर्षं मी बंद दार घेऊन फिरत होते आणि हा उघडलेलं.

“अण्णा, तू बाहेर होतास,” मी म्हणाले. “मी आत होते. आणि आज आत माझी नात आहे.”

तो कुलुपाला किल्ली लावायला गेला, तर ती लागेना. किल्ली कुलुपावर नुसतीच खडखडत होती. मी फटीतून बोटं घालून त्याचं मनगट धरलं, तेव्हा कुठे कुलूप निघालं.

साखळी मी पर्समध्ये घालून सर्जापूर रोडला, घरी घेऊन आले. ती स्वयंपाकघराच्या माळ्यावर आहे. पण पेठेतल्या गल्ल्यांत साखळ्या किलोवर मिळतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून रोज दुपारी खेळाच्या वेळी मी फोन करायचे. साखळी? नाही. नक्की? नक्की. फोन ठेवला तरी विश्वास बसत नसे.

एकदा न सांगता गेले. पिक्चर सुरू झाला होता. काळोखात भिंत चाचपत दारापाशी पोहोचले आणि दांडा दाबला. दार जरासं हललं आणि थांबलं. जोर लावला. हलेना. फटीतून साखळी दिसेना, गल्ली दिसेना, काहीच दिसेना. मी दोन्ही हातांनी दार बडवलं.

“अगं, हळू,” बाहेरून आवाज आला. “पाठीला लागतं.”

मी पुढच्या दाराने वळसा घालून धावत गल्लीत गेले. अण्णा स्टुलावर बसला होता, दाराला पाठ टेकून. फुकट्यांनी आत शिरू नये म्हणून रोज प्रत्येक खेळाला तो असाच बसत होता. डुलकी लागली होती, डोळे अजून चोळत होता. “बघ,” तो म्हणाला, “साखळी नाही.” मला इतकं रडू आलं की त्याच्यावर रागावताही येईना.

गल्ली दोन माणसं जेमतेम जातील एवढीच आहे. स्टुलाच्या पुढे लगेच शेजारच्या गोदामाची दगडी भिंत. दार बाहेर उघडतं. मीच तसं करून घेतलं. आत कुणी एकदा ‘बेंकी’ म्हणून ओरडलं, तर तो सगळा रेटा आधी कुणाच्या पाठीवर येईल, हे मला सांगायला आर्किटेक्ट नको.

स्टूल बाजूला घे, म्हणून मी त्याला हात जोडले. घेतो म्हणाला.

आता दुपारी फोन करते तेव्हा साखळीचं विचारत नाही. स्टूल कुठे आहे, ते विचारते. “बाजूला,” तो म्हणतो. पण त्याच्या आवाजामागे पिक्चरमधला शब्द न् शब्द ऐकू येत असतो, आणि दाराला पाठ टेकल्याशिवाय तो इतका स्पष्ट ऐकू येत नाही.